देवाचे करायचे की दवाखान्याचे?

घरातील एखादी व्यक्ती मनाने आजारी पडली की आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. तरुण मुलगा रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, भाजीत काही कालवले आहे असे म्हणून ताट सरकवतो. आजी म्हणते, बाहेरची बाधा आहे, जाणत्याला दाखवा. शहरात नोकरी करणारा काका म्हणतो, हे सारे थोतांड, सरळ नागपूरला न्या. या ओढाताणीत सहा-सहा महिने निघून जातात. केव्हातरी दवाखाना गाठला जातो, पण तिथे आई अंगाऱ्याची पुडी पदराच्या गाठीत लपवून बसते. डॉक्टर रागावतील ही भीती. डॉक्टरही गोळ्या लिहून देतात आणि पुडीबद्दल विचारीत नाहीत. रुग्णाच्या मनात मात्र गोळी आणि अंगारा ही दोन्ही एकाच वेळी ठाण मांडून असतात.

म्हणून धर्म आणि मनाचे उपचार यांचे नाते काय, हा विषय केवळ पंडितांनी चर्चा करण्याचा नाही. आज त्याचीच थोडी ओळख करून घेऊ.

आपल्या मनाचा फार थोडा भाग आपल्याला ठाऊक असतो. उरलेला अबोध असतो आणि तोच आपल्याकडून पुष्कळ काही करवून घेतो, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांनी मांडला. या अबोध मनाचा तळ शोधणाऱ्या शाखेला खोल मनाचे मानसशास्त्र म्हणता येईल. फ्रॉईड नास्तिक होते. १९०७ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी धार्मिक कर्मकांड आणि काही रुग्णांची पुन्हा पुन्हा तीच कृती करण्याची सवय यांची तुलना केली. युरोपात ही तुलना अनेकांना धक्कादायक वाटली. मराठी माणसाला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेने हे आधीच ओळखून ठेवले आहे. अशा आजाराला आपण ‘मंत्रचळ’ म्हणतो. मंत्र आणि चळ हे दोन्ही त्या एका शब्दात आले.

मंत्रचळ आणि भक्ती

मंत्रचळाचा रोगी पूजेला बसला की दोन-दोन तास उठत नाही. स्तोत्रातील एक अक्षर चुकले असे वाटले की पुन्हा पहिल्यापासून. देवाचे भांडे सातदा घासले तरी ओवळेच वाटते. पूजा करताना मनात देवाविषयी एखादा घाणेरडा विचार येतो, त्याची भयंकर लाज वाटते, आणि तो पुसून टाकण्यासाठी आणखी शंभर जप. घरच्यांना वाटते, केवढी ही भक्ती! तसे नाही. भाविक माणूस पूजा आटोपून उठतो तेव्हा हलका झालेला असतो. मंत्रचळाचा रोगी उठतो तो दमलेला आणि शंकेने पोखरलेला. दोघांच्या पूजेत बाहेरून फरक दिसणार नाही, पण उठल्यानंतरचा चेहरा पाहिला की पुष्कळदा उलगडा होतो.

हा आजार बरा होऊ शकतो. त्यावर औषधे आहेत. शिवाय शंका मनात तशीच ठेवून ती कृती पुन्हा न करण्याचा टप्प्याटप्प्याने सराव करविला जातो. अशा उपचारात जाणकार पुरोहिताची किंवा कीर्तनकाराची मदत घेण्यास हरकत नाही. “एकदा म्हटले की पुरे, शास्त्राला एवढेच अपेक्षित आहे” हे त्यांनी सांगितले तर रुग्णाला पटते. पण हे एकदाच सांगावे. रोज दहा वेळा विचारणाऱ्याला रोज दहा वेळा दिलासा देत राहिले, तर ते विचारणेच नवे कर्मकांड होऊन बसते. घरच्या मंडळींची चूक बहुधा इथेच होते.

फ्रॉईड मात्र मंत्रचळापाशी थांबले नाहीत. १९२७ साली त्यांनी एक पुस्तक लिहून सर्व धर्मच एक भ्रम आहे, असहाय लेकराला जसा बलवान बाप हवा असतो तसा मोठ्या माणसाला देव हवा असतो, असे प्रतिपादन केले. ते वाचून फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी त्यांना पत्राने कळविले की, धर्माचे मूळ बापाच्या धाकात नाही, समुद्रासारखे अथांग काहीतरी आपल्याला वेढून आहे या जाणिवेत ते आहे. रोलाँ त्या वेळी रामकृष्ण परमहंसांच्या चरित्रात बुडालेले होते. फ्रॉईडनी १९३० च्या पुस्तकात प्रांजळपणे लिहिले की, ही जाणीव मला माझ्यात आढळत नाही. ती त्यांनी आईच्या कुशीतील तान्ह्या बाळाच्या अवस्थेशी जोडली.

इथे आपल्याकडच्या एका डॉक्टरांचा उल्लेख केला पाहिजे. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉईडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९३१ मध्ये फ्रॉईडना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा या मंडळींनी त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठविली. धर्माला भ्रम म्हणणाऱ्या त्या वृद्धाने ती आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. बोस गुरूचे सर्व म्हणणे मान्य करीत नव्हते. हिंदी रुग्णांच्या मनात बापाच्या धाकापेक्षा आईशी असलेले नाते वेगळ्या प्रकारे काम करते, असे त्यांनी फ्रॉईडना कळविले होते. पुढे सुधीर कक्कर यांनीही आपल्या लेखनात आईच्या या स्थानावर भर दिला. आपल्याला हे समजायला ग्रंथ लागत नाही. पंढरीचा देव पुरुष, पण वारकरी त्याला विठाई म्हणतो, माउली म्हणतो. फ्रॉईड पंढरपुरास आले असते तर त्यांना आपला सिद्धांत थोडा दुरुस्त करावा लागला असता.

युंगांचा वेगळा रस्ता

स्वित्झर्लंडचे डॉ. कार्ल गुस्ताव्ह युंग हे आरंभी फ्रॉईडचे लाडके शिष्य. १९१३ च्या सुमारास दोघांचे फाटले. त्यामागे इतर कारणांबरोबर धर्माकडे पाहण्याची दृष्टी हेही एक होते. युंगांच्या घराच्या दारावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. त्यांचा आशय असा की, बोलावले वा न बोलावले, देव हजर असणारच. १९३२ च्या एका व्याख्यानात त्यांनी म्हटले की, पस्तिशी ओलांडलेल्या माझ्या रुग्णांत ज्याचा अंतिम प्रश्न धर्मविषयक नाही असा एकही नव्हता. धर्म म्हणजे इथे अमुक पंथ असा अर्थ नाही. मी कशासाठी जगलो, हा प्रश्न त्यांना अभिप्रेत होता. ते १९३७-३८ मध्ये भारतात येऊन गेले. कलकत्त्यात आमांशाने आजारी पडून त्यांना दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

युंगांचे म्हणणे आपल्या गावातही पडताळता येते. निवृत्त झालेले गृहस्थ, मुले पुण्या-मुंबईकडे, धानाची शेती बटईने दिलेली. रक्तदाब ठीक, साखर ठीक, पण झोप नाही आणि कशात मन लागत नाही. अशा माणसाला नैराश्याचा आजार आहे काय हे प्रथम तपासलेच पाहिजे, कारण म्हातारपणचे नैराश्य औषधाने चांगले बरे होते आणि तसेच सोडले तर घातक ठरते. पण औषधाने झोप आल्यानंतरही पुष्कळदा तो प्रश्न उरतो. मग कोणी भजनी मंडळात जातो, कोणी तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला संध्याकाळी नेमाने बसतो. चार माणसांत बसणे, ठरलेली वेळ, थोडे मौन, थोडे गाणे. यात मनाला आधार देणारे बरेच काही आहे, आणि डॉक्टरने त्याला नाक मुरडू नये.

युंगांचा एक सल्ला तर जगभर पोहोचला. दारूपायी हैराण झालेल्या एका अमेरिकन रुग्णाला त्यांनी स्पष्ट सांगितले की, वैद्यकाकडून तुम्हाला आता आशा नाही; एखादा खोल आध्यात्मिक अनुभव आला तरच सुटाल. ही गोष्ट कर्णोपकर्णी बिल विल्सन यांच्यापर्यंत गेली. विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ मध्ये सुरू केलेली चळवळ म्हणजेच अल्कोहोलिक्स अनॉनिमस. तिच्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीला शरण जाणे आहे, पण ती शक्ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवायचे. जानेवारी १९६१ मध्ये युंगांनी विल्सन यांना पत्र लिहून आपल्या त्या सल्ल्यामागचा विचार सविस्तर सांगितला. त्यानंतर काही महिन्यांतच ते वारले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’लाही अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या या विचाराची मदत झाली आहे.

आपल्याकडे ‘माळ घातली’ असे नुसते म्हटले तरी पुरते. त्याने दारू सोडली, मांसाहार सोडला, हे वेगळे सांगावे लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ असली की दारू प्यायला बोलावणारे मित्रही बोलवत नाहीत. माळेने इच्छाशक्तीला चारचौघांचा पहारा बसतो. एक सावधगिरी मात्र हवी. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने माळ घालून एका दिवसात दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, भास होणे, झटके येणे हे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. माळ खुशाल घालावी.

कोणता देव मनात आहे?

फ्रॉईड आणि युंग यांच्यानंतर प्रश्नच थोडा बदलला. देव आहे की नाही हे ठरविणे उपचार करणाऱ्याचे काम नाही. या माणसाच्या मनातला देव कसा आहे, हे मात्र त्याला कळले पाहिजे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अर्जेंटिनाच्या डॉ. आना-मारिया रिझुटो यांनी वीस रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून १९७९ मध्ये एक पुस्तक लिहिले. आईबापांशी आलेल्या अनुभवांतून प्रत्येक मूल मनात आपला एक देव घडविते, असे त्यांना आढळले. मारकुट्या बापाच्या घरी वाढलेल्याचा देव पुष्कळदा टपून बसलेला असतो. मायेच्या घरातला देव पाठीशी उभा असतो.

याचा परिणाम शरीरावरही होतो काय? अमेरिकेत ५५ वर्षांवरील ५९६ आजारी व्यक्तींचा दोन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकले, आपल्याला शिक्षा केली, असे मानून झुरणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे श्रद्धा ही सरसकट औषध नाही आणि सरसकट विषही नाही.

आपल्याकडे याचे रूप ओळखीचे आहे. “नवस बोलले होते, फेडायचा राहिला, म्हणून पोरावर आले.” छिन्नमनस्कता हा मेंदूचा आजार आहे, हे त्या आईला दहा वेळा समजावले तरी तिच्या मनातला दोष जात नाही. तिचा नवस फेडू द्यावा. त्याने मुलाचा आजार जाणार नाही, पण आईच्या छातीवरचा दगड उतरेल आणि ती मुलाला गोळी वेळेवर देईल. हे मी अनुभवाने लिहितो आहे.

फलटणच्या मंदिरातील बायका

या विषयावर महाराष्ट्रात झालेले एक मोलाचे काम आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. व्हीडा स्कल्टन्स या इंग्लंडमधील मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सातारा जिल्ह्यात फलटण येथील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास केला आणि १९८७ व १९९१ मध्ये त्यावर लेख लिहिले. महानुभाव पंथ आपल्याला परका नाही. लीळाचरित्रातले नीळभट्ट भांडारेकार हे चक्रधरस्वामींच्या आरंभीच्या शिष्यांपैकी. त्यांच्या नावातच आपले भंडारा आहे.

फलटणच्या त्या मंदिरात मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे मुक्कामाला येत. बाईंना दिसले ते असे की, अंगात येई ते केवळ रुग्णाच्याच नव्हे. त्याला घेऊन आलेल्या आईच्या, बायकोच्याही येई. घरातल्या माणसाचे दुखणे आपण स्वतःच्या अंगावर घेतले तर तो मोकळा होईल, अशी त्यांची भावना होती. अंगात येणे ही त्यांच्या दृष्टीने आजारी माणसासाठी केलेली सेवाच होती.

हे वाचून आपल्या घरातली एक रोजची कृती आठवते. परगावाहून आलेल्या नातवाच्या तोंडावरून आजी हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलावर बोटे कडाकडा मोडते. अलाबला घेते. तुझे संकट माझ्यावर येऊ दे, हाच तिचा अर्थ. फलटणला हीच कृती आरतीच्या गजरात सर्व शरीराने होत होती.

अबोध मनाच्या अंगाने पाहिले तर इथे तीन गोष्टी दिसतात. हताश आईला काहीतरी करण्यास मिळते. घरात जे बोलण्याची सोय नाही ते अंगात आल्यावर बोलता येते, आणि लोक ते हात जोडून ऐकतात. तिसरी गोष्ट दुःखाची. कुटुंबात आजार आला की त्याचा भार आपणच उचलायचा, हे त्या बाईने इतके मुरवून घेतलेले असते की ती स्वतः आजारी आहे काय, हे कोणी विचारीतच नाही. मुलाला भ्रमाचा आजार असतो आणि आईला नैराश्य. मुलाला गोळ्या मिळतात, आईला ‘सहन करा’. माझ्या मते मनोरुग्णासोबत आलेल्या प्रत्येक आईला आणि पत्नीला दोन प्रश्न विचारायलाच हवेत : तुम्हाला झोप लागते का, आणि मरून जावेसे वाटते का.

अंगात येणे हा नेहमीच आजार असतो असे नाही. आजारांच्या नव्या आंतरराष्ट्रीय यादीतही, समाजमान्य विधीच्या वेळी, स्वेच्छेने येणारे आणि तेवढ्यापुरतेच टिकणारे अंगात येणे विकारात धरलेले नाही. नवरात्रात आरतीला अंगात येते, तासाभराने बाई पाणी पिऊन घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिला सुखाने राहू द्यावे. पण वेळ-काळ न पाहता येऊ लागले, त्यापायी काम सुटले, जखमा होऊ लागल्या, किंवा त्या बाईलाच ते नकोसे झाले, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. झटका येऊन दात बसणे, जीभ चावणे, लघवी होणे ही फेफऱ्याची चिन्हे आहेत. त्याला अंगात येणे समजून वेळ घालवू नये.

देवस्थानात खरोखर कोणी बरे होते काय? तामिळनाडूतील मुथुस्वामीच्या एका छोट्या देवळात २००० साली राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची बंगळूरच्या डॉक्टरांनी तपासणी केली. रुग्ण तिथे सरासरी सहा आठवडे राहिले. झाडफूक नाही, मारझोड नाही. सकाळची प्रार्थना, झाडांना पाणी घालणे, झाडलोट, आणि सोबत घरचे माणूस. लक्षणांची तीव्रता मोजली तेव्हा ती जवळजवळ २० टक्क्यांनी उतरलेली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तरी प्रेमाने वागविलेला रुग्ण सुधारतो एवढे त्यातून दिसते. त्याच तामिळनाडूत पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. २८ जण जळून मेले.

तेव्हा देवस्थानी न्यायचेच असेल तर आधी पाहावे : तिथे रुग्णाला बांधतात काय, मारतात काय, उपाशी ठेवतात काय, गोळ्या बंद करायला सांगतात काय. एका जरी प्रश्नाचे उत्तर होय आले तर पाऊल मागे घ्यावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे.

देव कानात बोलतो असे सांगणारा प्रत्येक जण संत नसतो आणि प्रत्येक जण वेडाही नसतो. पण तो आवाज जीव दे म्हणत असेल, कोणाला मार म्हणत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि त्याला एकटे सोडू नये. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी; नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय इथून साठेक किलोमीटरवर आहे. १४४१६ या शासनाच्या दूरध्वनी क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो, पैसे लागत नाहीत.

पुढे सणावारांचे दिवस येतील, त्या दृष्टीने थोडे. उपवास करायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, ते गोळ्यांच्या वेळा बदलून देतील. लिथियमची गोळी घेणाऱ्याने निर्जळी उपवास मुळीच करू नये आणि अळणीही धरू नये. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की हे औषध रक्तात वाढून विषासारखे होते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे ही त्याची खूण. उन्मादाचा आजार किंवा फेफरे असणाऱ्याने रात्रभराचे जागरण टाळावे, कारण एका रात्रीच्या झोपेअभावी शांत झालेला आजार उसळू शकतो. मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला जायचे तर सकाळी जाऊन यावे, आणि रात्रीची गोळी रात्री नऊलाच घ्यावी.